ब्रोमो, इजेन आणि मधले घाट

ज्वालामुखी बघायला निघालेल्या माणसाला घरचे पहिला प्रश्न विचारतात, "आणि तो फुटला तर?" प्रश्न रास्त आहे, उत्तर पुढे येईलच. पण इंडोनेशियाच्या पूर्व जावातले ब्रोमो आणि इजेन हे दोन ज्वालामुखी पाठीवर सॅक टाकून, रेल्वे, बस, व्हॅन बदलत करायचे असतील तर खरी काळजी रस्त्याची करावी. विवराच्या काठावर माणूस जेमतेम तासभर असतो. घाटात, महामार्गावर आणि स्टँडवर मात्र दिवसच्या दिवस जातात. दोन्ही ठिकाणी गणित बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. परतीचं तिकीट जवळ आलेलं असतं आणि हातात एकही मोकळा दिवस उरलेला नसतो. मग ढग असताना वर चढलं जातं, गॅस वाढलेला असताना "आलोच आहोत तर" म्हणत विवरात उतरलं जातं, अंधार पडल्यावर घाटातून स्कूटर काढली जाते. म्हणून आखणी करतानाच किमान दोन दिवस कशालाही न लावता कोरे ठेवा. बाकी सगळं सामान कमी-जास्त झालं तरी निभतं.

नागपूरहून थेट जमिनीवरून जायचं स्वप्न अनेकांना पडतं, पण मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे जाणं तिथली परिस्थिती पाहता सध्या विसरावं. सोयीचा मार्ग म्हणजे तामिळनाडू किंवा जीटी एक्स्प्रेसनं चेन्नई, तिथून विमानानं क्वालालंपूर आणि पुढे सुराबाया. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा ३० दिवसांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो. सुराबायाला पाय टेकले की मात्र पुढचं सगळं जमिनीवरून करता येतं. आधी प्रोबोलिंगो, वर डोंगरात चेमोरो लावांग, परत खाली येऊन बान्युवांगी, इजेन आणि शेवटी फेरीबोटीनं बाली.

काळ निवडावा मे ते सप्टेंबरचा. तिकडे तो कोरडा असतो. आपल्याकडे नवतपा तापलेला असताना निघालात तर ४५ अंशांतून निघून २२०० मीटर उंचीवरच्या चेमोरो लावांगला पोचता, आणि तिथे पहाटे पारा ५ ते १० अंशांवर असतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याहूनही खाली. मे महिन्यात सॅक भरताना स्वेटर हातात घ्यायचीही इच्छा होत नाही, तरी डिसेंबरच्या पहाटे फुटाळ्यावर फिरायला जाताना घालतो ते सगळं घ्या. कानटोपी, हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट वगळू नका.

आता रस्ता. सुराबायाहून प्रोबोलिंगोला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. माझं मत रेल्वेच्या बाजूनं आहे. गुबेंग स्टेशनवरून गाडी पकडली की गाडी प्रोबोलिंगो गावातच उतरवते. बसचा प्रवास स्वस्त आणि सोपा वाटतो, पण त्यात एक जुनी खोड आहे. परदेशी प्रवासी दिसला की त्याला स्टँडवर न नेता आधीच एखाद्या ट्रॅव्हल एजंटच्या दारात उतरवतात. "हाच स्टँड, वर जायची गाडी आता फक्त इथूनच" असं सांगून दुप्पट-तिप्पट पैशांचं पॅकेज गळ्यात मारलं जातं. यावर इलाज एकच. मोबाईलवर नकाशा उघडा ठेवा आणि बायुआंगा टर्मिनलचा, म्हणजे प्रोबोलिंगोच्या खऱ्या स्टँडचा ठिपका येईपर्यंत सीट सोडू नका. सॅक डिकीत न टाकता मांडीवर घेतली तर उतरा म्हटल्यावर शांतपणे बसून राहता येतं. सामान आधीच खाली गेलेलं असलं की माणसाला मागोमाग उतरावंच लागतं.

टर्मिनलबाहेरून चेमोरो लावांगला जाणाऱ्या छोट्या व्हॅनला तिथे बिसॉन म्हणतात. आपल्याकडच्या काळीपिवळीचा आणि तिचा स्वभाव एकच आहे, भरल्याशिवाय हलायचं नाही. पंधरा जण झाले की निघते, टपावर कोबीची पोती आणि गॅस सिलिंडर. सकाळी लवकर पोचलात तर तासाभरात भरते, दुपारनंतर चार-चार तास बसावं लागतं. सात-आठ प्रवासी जमले असतील तर उरलेल्या सीटचे पैसे सगळ्यांनी वाटून देऊन गाडी काढायला लावणं हाच शहाणपणा आहे. वर पोचायला दीड ते दोन तास लागतात. रोख रक्कम प्रोबोलिंगोतच काढून घ्या.

महामार्गावरची एक गोष्ट नागपूरच्या चालकांनी खास लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे हायवेवर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा अनेकदा त्याला म्हणायचं असतं, "रस्ता मोकळा आहे, काढा." जावात हे नेमकं उलटं आहे. तिथे ट्रकवाल्यानं उजवा इंडिकेटर लावला की समोरून गाडी येते आहे, थांबा. डावा लावला की काढायला हरकत नाही. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे सवयीनं हात-पाय आपोआप चालत राहतात आणि डोकं विचार करायचं सोडतं. धोका तिथेच आहे. उत्तर किनाऱ्याच्या रस्त्यावर, प्रोबोलिंगोपासून सितुबोंदोमार्गे बान्युवांगीपर्यंत, मालवाहू ट्रकांची रांग असते आणि साखर कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे नेमक्या कोरड्या महिन्यांत, उसाचे ट्रक त्यात भर घालतात. या पट्ट्यात स्वतः गाडी चालवू नका. रेल्वे त्याच दिशेनं जाते, साधारण पाच तासांत, आणि शेवटचं स्टेशन केतापांग फेरीच्या धक्क्याला लागून आहे.

पायी रस्ता ओलांडताना मात्र सीताबर्डीवर शिकलेलं सगळं कामी येतं. हात कमरेच्या उंचीला पुढे धरायचा, चाल एकसारखी ठेवायची. मधेच थांबायचं नाही, मागे सरकायचं तर अजिबात नाही, कारण स्कूटरवाल्यानं तुमच्या पाठीमागून जायचं ठरवलेलं असतं.

स्कूटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हाडं मोडतात ती इथे. नागपूर सपाट आहे. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यालाही इथे उतारावर ब्रेक कसा वापरायचा हे शिकायची वेळच येत नाही. जमलं तर जायच्या आधी चिखलदऱ्याचा घाट एकदा दुचाकीनं वर-खाली करून बघा. ब्रोमोहून खाली येणारा रस्ता आणि इजेनच्या पायथ्याच्या पाल्तुडिंगहून बान्युवांगीकडचा एरेक-एरेकचा उतार ही दोन्ही ठिकाणं ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम आहेत. भाड्यानं मिळते ती बहुधा गिअर नसलेली स्कूटर. तिचा क्लच इंजिनच्या वेगावर लागतो. ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि चाकाला इंजिनची ओढ उरत नाही. मग सगळा भार ब्रेकवर. मागच्या ड्रममधले लायनर तापून गुळगुळीत होतात, घासतात पण पकडत नाहीत. पुढच्या डिस्कचं तेल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आत जातो आणि गाडी तशीच पळत राहते.

हे एकदम होत नाही. आधी जळक्या लायनरचा वास येतो, मग लिव्हर मऊ लागायला लागतो. वास आला की लगेच कडेला घ्यायचं, अर्धा तास थांबायचं, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी अजिबात टाकायचं नाही, ती वाकडी होते. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचा नसतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, मग पूर्ण सोडायचे, तेवढ्यात ते निवतात. दर दहा मिनिटांनी थांबा. शक्य असेल तर स्कूटरऐवजी गिअरची, तिकडे जिला बेबेक म्हणतात ती गाडी मागा, आणि ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दोन सॅक आणि डबल सीट असं इथे करू नये. भाड्याचं हेल्मेट हनुवटीखालचा पट्टा लावून पुढे ओढून बघावं, निघून येत असेल तर दुसरं मागावं. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या, आणि दुचाकीचा अपघात तुमच्या प्रवास विम्यात बसतो का हे कंपनीकडून लेखी घ्या. बहुतेकांना ही अट दवाखान्यात कळते.

चेमोरो लावांग हे गाव तेंग्गेरच्या जुन्या, कोसळलेल्या महाविवराच्या ओठावर वसलेलं आहे. गावाच्या टोकाला उभं राहिलं की खाली काही किलोमीटर रुंद राखाडी वाळूचं मैदान आणि त्यात मधोमध दोन डोंगर दिसतात. घड्या पडलेला, हिरवट, देखणा आहे तो बातोक. त्याच्या शेजारी डोकं उडालेला, धुरकट, बसका आहे तो ब्रोमो. फोटोत सगळे बातोकलाच ब्रोमो समजतात. मागे क्षितिजावर जावातला सर्वात उंच सुमेरू, ३६७६ मीटर, अधूनमधून राखेचा फुगारा सोडत असतो.

हे बघताना नागपूरच्या माणसाच्या मनात एक वेगळी तार छेडली जाते, निदान जावी. आपणही लाव्ह्यावरच राहतो. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या पत्थरावर आहे, पूर्वेकडे तो संपून त्याहून कितीतरी जुना खडक सुरू होतो. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, पाचगावच्या खदानीतली गिट्टी हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेलं आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूरच्या भूगर्भावर लिहिलं, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं होतं ते लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या आणि वनस्पतींच्या जीवाश्मांकडे. म्हणजे एक थर येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडं उगवली, जीव नांदले, आणि मग वरून दुसरा थर आला. सीताबर्डीच्या गर्दीत चालताना पायाखाली एवढा काळ दडलेला आहे याची मला अजूनही भूल पडते.

पण आपला लाव्हा आणि जावाचा ज्वालामुखी एका जातीचे नाहीत. दख्खनचा बेसॉल्ट पातळ होता. जमिनीच्या लांबलचक भेगांतून तो वर आला, वायू सहज सुटून गेला आणि लाव्हा पसरत राहिला, म्हणून आपल्याकडे सपाट माथ्याच्या टेकड्या. जावाखाली समुद्राचा तळ तिरका आत घुसतो आहे. त्याच्यासोबत गेलेल्या पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानाला वितळतो, आणि जो लाव्हा तयार होतो तो चिकट असतो. वायू आत अडकतो, दाब वाढतो, आणि मग तो वाहण्याऐवजी फुटतो. शंकूसारखे डोंगर, राख आणि स्फोट हे सगळं त्या चिकटपणातून येतं. शेतकऱ्याला मात्र दोन्हीकडे सारखाच लाभ झाला. आपल्याकडे काळी माती आणि कापूस, तिकडे उभ्या उतारावर राखेच्या मातीत कांदापात, कोबी आणि बटाटा.

ब्रोमोला जायला जीप लागतेच असं नाही. पहाटे तीनला जुन्या लँडक्रूझर जीपची रांग पनांजाकानच्या २७७० मीटर उंचीवरच्या कठड्याकडे निघते, तिथे सूर्योदय दिसतो आणि डोकी त्याहून जास्त दिसतात. त्याऐवजी गावातून सेरुनी या दुसऱ्या बघायच्या जागेकडे पायी चढा, देखावा तोच आहे. मग जीपा परतायच्या आत वाळूचं मैदान ओलांडा. गावातून विवराच्या पायऱ्यांपर्यंत तासाभराची चाल आहे. वाटेत तेंग्गेर हिंदूंचं पुरा लुहुर पोतेन हे मंदिर लागतं. याद्न्या कसाडा या त्यांच्या सणाच्या रात्री हे लोक भाजी, कोंबड्या, बकऱ्या, पैसे विवरात अर्पण करतात, आणि विवराच्या आतल्या उतारावर उभी असलेली माणसं जाळ्या धरून त्या वस्तू झेलतात. कसाडाच्या दिवसांत वाहनांना बंदी असते, तारीख आधी बघून घ्या.

पायऱ्या अडीचशेच्या आसपास आहेत. राख साचली की त्यांचा घसरगुंडीसारखा उतार होतो, म्हणून उतरताना टाच आधी टेकवा. वरचा काठ अरुंद आहे आणि कठडा सगळीकडे नाही. वारा ज्या बाजूनं येतो आहे त्याच बाजूला उभं राहा. राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, ती दळलेली काच आणि खडक आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेलात तर बुबुळावर ओरखडे येतात, म्हणून साधा चष्मा. डोळ्यात गेली तर चोळू नका, पाण्यानं धुवा. कॅमेऱ्याची लेन्स वर बदलू नका.

आणि आता घरच्यांचा प्रश्न. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार चढत्या पातळ्या जाहीर होतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. मॅग्मा इंडोनेशिया या सरकारी संकेतस्थळावर रोजची स्थिती असते. त्यात पातळीपेक्षा महत्त्वाचं असतं ते विवरापासून किती अंतर राखा हे सांगणारं वाक्य. ब्रोमो दुसऱ्या पातळीवर असताना एक किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी शिफारस असते, तरी पायऱ्यांवर माणसं असतात. दरवाजा उघडा ठेवणारं खातं आणि ज्वालामुखीवर नजर ठेवणारं खातं वेगवेगळी आहेत. तिकीट मिळालं म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. सुमात्राच्या मारापी ज्वालामुखीवर ३ डिसेंबर २०२३ ला २४ जणांचा जीव गेला, तेव्हा तोही दुसऱ्याच पातळीवर होता आणि तीन किलोमीटरची शिफारस लागू होती. जपानच्या ओंताकेवर २०१४ मध्ये ६३ जण गेले. पाणी तापून एकदम वाफ होते आणि डोंगराचं झाकण उडतं, अशा स्फोटाची भूकंपमापकावर धड चाहूलही लागत नाही. ब्रोमोवरही २००४ मध्ये दोघे उडालेल्या दगडांनी दगावले. शिफारस एक किलोमीटरची असेल तर विवरावर चढू नये, सेरुनीवरून बघावं. इतक्या लांब येऊन हे जड जातं हे मान्य, पण माझा सल्ला बदलत नाही.

इजेनचा धोका दगडांचा नाही, वायूचा आहे. पाल्तुडिंगच्या दरवाजापासून तीन किलोमीटरांत जवळपास ५०० मीटर चढ. निळी ज्योत बघायची तर अंधारात, रात्री एक-दोनच्या सुमारास निघावं लागतं. ती ज्योत लाव्ह्याची नसते. भेगांतून तापलेला गंधकाचा वायू बाहेर येतो आणि हवा लागताच पेट घेतो. खाणकामगारांनी बसवलेल्या नळांतून तोच वायू थंड होऊन लालसर द्रव होतो, ठिबकतो आणि पिवळा दगड होतो. तो फोडून ७० ते ९० किलो खांद्यावरच्या दोन टोपल्यांत घालून माणसं विवरातून वर आणतात. वाट त्यांची आहे. कामगार येताना दिसला की डोंगराच्या बाजूला सरून थांबा, दरीच्या बाजूला नाही.

खालचं निळंहिरवं तळं जगातलं सर्वात मोठं अतिआम्ल तळं मानलं जातं, त्याचा पीएच एकच्याही खाली आहे. सल्फर डायऑक्साइड जळक्या काडीसारखा झोंबतो, त्यामुळे निदान कळतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेलासा वाटतो. वास अचानक थांबला तर तिथून निघा. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, वारा नसलेल्या पहाटे खोलगट जागी साचतात. मार्च २०१८ मध्ये इथून सुटलेल्या वायूनं तीसेक लोकांना रुग्णालय गाठावं लागलं.

एन-९५ मास्क धुळीला चालतो, वायूला नाही. अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क आणि त्याला आम्लवायूचं कार्ट्रिज हवं. युरोपीय रंगखुणेत राखाडी पट्टा हायड्रोजन सल्फाइडसाठी आणि पिवळा सल्फर डायऑक्साइडसाठी, दोन्ही पट्टे असलेलं घ्या. दरवाजाशी मास्क भाड्यानं मिळतात, पण त्यातलं कार्ट्रिज कधीचं उघडलेलं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांना सुरक्षेचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत विचारा आणि सीलबंद घ्या. मास्क लावून दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी झाकून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला तर ठीक. दाढी असेल तर कडेनं हवा शिरणारच, तेव्हा दाढी काढा किंवा विवरात उतरू नका. दम्याच्या माणसानं काठावरूनच बघावं. चांदीची अंगठी, पैंजण खोलीवर ठेवून जा, तासाभरात काळे पडतात. प्रवेशासाठी आरोग्याचा दाखला मागतात, तो बान्युवांगीत आदल्या दिवशी काढता येतो.

ज्वालामुखी आणि रस्ता या दोन गोष्टी इथे वेगळ्या नाहीत हे पावसात कळतं. उतारावर साचलेली राख पाण्यासोबत खाली येते, ओल्या सिमेंटसारखी दाट, आणि नदीच्या पात्रातून वाटेत येईल ते घेऊन जाते. ४ डिसेंबर २०२१ ला सुमेरू फुटला, पन्नासहून जास्त माणसं गेली आणि लुमाजांग-मालांग रस्त्यावरचा ग्लादाक पेराक पूल कोसळला. मालांगच्या बाजूनं जाणार असाल तर पाऊस पडताना नदीपात्राजवळ थांबू नका आणि रस्ता बंद झाला तर किनाऱ्याचा लांबचा मार्ग घ्या. आधी सांगितलेले कोरे दिवस खर्च करायची हीच वेळ.

केतापांगहून बालीच्या गिलिमानुकला फेरीबोट रात्रंदिवस सुटते, तासाभराचं पाणी आहे. याच सामुद्रधुनीत २ जुलै २०२५ च्या रात्री एक फेरीबोट बुडाली. बसनं जात असाल तरी बोटीवर चढल्यावर बसमध्ये झोपून राहू नका, खालच्या वाहनांच्या मजल्यावरून वर या, जीवरक्षक जाकिटं कुठल्या पेटीत आहेत ते बघून ठेवा, आणि वारा असेल तर सकाळची बोट घ्या. बालीचं घड्याळ जावापेक्षा एक तास पुढे, नागपूरपेक्षा अडीच तास पुढे. पुढची बस पकडायची असेल तर उतरण्याआधीच वेळ बदलून घ्या.